चोर डेल्कोत, फाशी कार्बोरेटरला

जुनी पेट्रोल जीप घाटाच्या चढावर फाटकन वाजली, की भोवती जमलेल्या मंडळींचे लगेच दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो, कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय. दुसरा म्हणतो, टायमिंग आऊट झालंय, डेल्को जरा फिरव. (टायमिंग म्हणजे ठिणगीची वेळ, आणि डेल्को म्हणजे ती ठिणगी प्लगना वाटणारा डिस्ट्रिब्यूटर.) तिसरा पक्ष असलाच तर तो गाडी विकून टाका म्हणणाऱ्यांचा असतो. त्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बिनचूक असलं तरी घाटात त्याचा उपयोग नसतो. पहिल्या दोन पक्षांत कितीही वितुष्ट असलं तरी एक गोष्ट समान असते, ती म्हणजे दोघांनीही अजून बॉनेट उघडून पाहिलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की बॅकफायर, म्हणजे हा फाटकन येणारा आवाज, इंजिनाने आपणहून दिलेला जबाब असतो. आवाज कुठून आला, केव्हा आला आणि कोणत्या ठेक्यात आला हे नीट ऐकून घेतलं तर निम्मं निदान तिथल्या तिथे होतं. टायमिंग जुळवणं हे या सगळ्या प्रकरणातलं शेवटचं काम आहे. जो पाना घेऊन पहिल्या मिनिटाला डेल्को फिरवतो, तो रोग बरा करत नाही, साक्षीदार फितवतो.

आजच्या बहुतेक ट्रकना ही व्याधी होऊच शकत नाही. ते डिझेलवर चालतात आणि डिझेलच्या इंजिनात ठिणगी पाडायची सोयच नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेतं. १९५४ साली जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक निघाले आणि पुढे पेट्रोलचे ट्रक हळूहळू भंगारात गेले. जीप मात्र मागे राहिली. आणि जीपही कागदोपत्री ट्रकच. अमेरिकन सैन्याच्या दफ्तरात तिची नोंद 'ट्रक, पाव टन, चार बाय चार' अशी आहे. पाव टन म्हणजे सव्वादोनशे किलो. आपल्याकडे आठवडी बाजाराला निघालेल्या जीपमध्ये एवढं वजन नुसतं मागच्या पायरीवर लोंबकळत असे. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर महिंद्रांनी मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू केली आणि मग वन खातं, साखर कारखाना, मामलेदार आणि निवडणूक या चार धामांची यात्रा जीपशिवाय होईना. इंजिन २.२ लिटरचं, चार सिलिंडरचं, ६० अश्वशक्तीचं. पुढे उंच बॉनेटच्या जीपमध्ये त्याचीच सुधारलेली आवृत्ती आली. चार प्लग, एक कॉइल, एक डेल्को, एक कार्बोरेटर. इतके कमी संशयित असताना दर वेळी चुकीचा माणूस पकडायला खास कौशल्य लागतं आणि ते आपल्याकडे मुबलक आहे.

आधी ठिणगीला एवढं महत्त्व का, ते पाहू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर चार सिलिंडरांना मिळून सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. ठिणगी पडली की पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण एका क्षणात भडकतं असा आपला समज असतो. तसं होत नाही. ज्योत प्लगपासून निघून सिलिंडरभर पसरायला सेकंदाचे दोन-तीन हजारांश घेते. ऐकायला हे काहीच नाही, पण त्या वेगाला क्रँकचा एक अख्खा फेराच २० हजारांश सेकंदांत होतो. म्हणजे जाळ पुरता होईपर्यंत क्रँक चाळीसेक अंश पुढे गेलेला असतो. म्हणून पिस्टन वर टेकायच्या आतच ठिणगी पाडावी लागते. जीपला संथ चालीत ५ अंश आधी, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. हे वाढवण्याचं काम डेल्कोच्या पोटातली दोन वजनं करतात. वेगाने फिरू लागली की ती स्प्रिंगा ताणून बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे ओढतात. ठिणगीला उशीर झाला तर पंगतीत जिलेबी घेऊन आलेल्या उशिराच्या वाढप्यासारखं होतं. मंडळी हात धुवायला उठलेली असतात, पानं उचलली जात असतात आणि हा आग्रह करत फिरतो. सिलिंडरमध्ये अजून आग चालू असताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, आग मॅनिफोल्डात जाते, मॅनिफोल्ड लालभडक होतं आणि गाडीचं पिकअप जातं. उलट ठिणगी फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच रट्टा बसतो. हँडल मारून गाडी सुरू करणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही, हँडल उलटं येऊन मनगटावर आदळतं. मनगटाजवळच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला वैद्यकशास्त्रात आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. गाडीच्या दोषाचं नाव थेट हाडांच्या पुस्तकात जाणं हा मान दुसऱ्या कुठल्या बिघाडाला मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता आवाजाकडे येऊ. इंजिन दोन बाजूंनी वाजतं. पुढून, म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडातून शिंक आल्यासारखं. आणि मागून, म्हणजे सायलेन्सरमधून दिवाळीसारखं. पुढून आवाज येण्याचा अर्थ असा, की इनलेट व्हॉल्व्ह उघडा असताना आत कुठेतरी आग होती. मागून आवाज येण्याचा अर्थ, न जळलेलं मिश्रण सायलेन्सरपर्यंत गेलं आणि तिथे पेटलं. ही दोन अगदी वेगळी वाक्यं आहेत. पण ती ऐकणारा दोन्हींचा अर्थ 'कार्बोरेटर साफ कर' असाच लावतो. पुढचा आवाज कार्बोरेटरच्या तोंडातून येतो, म्हणून बिचाऱ्यावर आळ. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. कधी कधी संन्यासीही चोर असतो, हे मी नाकारत नाही. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की मिश्रण रेंगाळत जळतं, पुढच्या खेपेला इनलेट उघडेपर्यंत धुगधुगी शिल्लक राहते आणि मग कार्बोरेटर शिंकतो. हे तपासायला मात्र कार्बोरेटर उघडावा लागत नाही. गाडी चालू असताना चोक थोडा ओढावा. शिंका थांबल्या तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी हवा चोरून आत जातेय, आणि तेव्हा जेटच्या आधी कार्बोरेटरखालचं पॅकिंग पाहावं. चोक ओढूनही शिंका तशाच राहिल्या तर संन्याशाची निर्दोष मुक्तता करून पुढे जावं. ठेकाही महत्त्वाचा. आवाज दर वेळी ठराविक अंतराने येत असेल तर एखादाच सिलिंडर गुन्हेगार आहे, बहुधा तिथला इनलेट व्हॉल्व्ह टॅपेट आवळल्यामुळे पुरता बसत नाही. आवाज मनाला येईल तेव्हा येत असेल तर ठिणगी भटकते आहे.

भटकण्याच्या तऱ्हा अनेक, पण सगळ्यांत लोभस तऱ्हा माणूस स्वतः घडवून आणतो. जीपच्या सिलिंडरांचा क्रम १-३-४-२ असा आहे. माणूस लहानपणापासून १-२-३-४ असं मोजत आलेला असतो. प्लग साफ करून झाले, वायरी परत लावायची वेळ आली, की हात शाळेतल्या पाढ्याप्रमाणे चालतो. डेल्कोच्या टोपणावर ओळीने १-२-३-४ लावल्यावर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. एक नंबरचा सिलिंडर तेवढा सुखी. दोन नंबरला ठिणगी मिळते ती नेमकी इनलेट उघडत असताना, म्हणून तो कार्बोरेटरमधून शिंकतो. तीन आणि चार नंबरवाल्यांना त्यांची ठिणगी अर्धा फेरा उशिरा मिळते, पिस्टन खाली पोचत आलेला आणि एक्झॉस्ट उघडलेला असताना, म्हणून ते सायलेन्सरमधून बार काढतात. म्हणजे गाडी एकाच वेळी पुढून आणि मागून वाजते आणि जमलेले दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे ठरतात. दुसरी तऱ्हा याहून सूक्ष्म. जीपमध्ये डेल्कोची दांडी तेलाच्या पंपाच्या दांडीत अडकून फिरते. कुणी तेलाचा पंप काढला आणि परत बसवताना गिअर एखाददुसऱ्या दात्याने सरकला, की डेल्कोला हातही न लावता टायमिंग बिघडतं. काम झालं तेलाचं आणि फटाके वाजतायत ठिणगीचे, हे नातं डोक्यात येईपर्यंत कार्बोरेटर तीनदा उघडून झालेला असतो. तिसरी तऱ्हा म्हणजे खुणेचा घोळ. फ्लायव्हीलच्या घरावर एक छोटं झाकण असतं. ते सरकवलं की फ्लायव्हीलवर कोरलेली 'टीसी' (पिस्टन वर टेकल्याची खूण) आणि 'आयजीएन' (ठिणगीच्या वेळेची खूण) ही अक्षरं दिसतात. पण ती एका पूर्ण चक्रात दोनदा समोरून जातात, एकदा कंप्रेशनच्या वेळी आणि एकदा धूर बाहेर टाकण्याच्या वेळी. अक्षरांवर ती कुठली खेप आहे हे लिहिलेलं नसतं. त्यासाठी एक नंबरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवायचं आणि दुसऱ्याला हँडल सावकाश फिरवायला सांगायचं. हवेने बोट ढकललं तर ती कंप्रेशनची खेप. शास्त्राच्या इतिहासात याहून स्वस्त उपकरण झालेलं नाही, आणि तरीही ते वापरायचं सोडून लोक अंदाजाने डेल्को बसवतात. तो अंदाज निम्म्या वेळा चुकणारच, कारण पर्यायच दोन आहेत.

टायमिंग शेवटी का, याचं सर्वांत पक्कं कारण पॉइंटमध्ये आहे. डेल्कोच्या टोपणाखाली, रोटर काढल्यावर, दोन छोटे धातूचे ओठ दिसतात. ते उघडले की कॉइल ठिणगी सोडते. पूर्ण उघडल्यावर त्यांच्यात साधारण अर्धा मिलिमीटर फट हवी. या ओठांना उघडणारी फायबरची छोटी टाच फिरत्या दांडीवर घासत असते आणि घासून घासून झिजते. टाच झिजली की फट कमी होते, ओठ उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. फट वाढवली की ठिणगी पुढे येते. म्हणजे टायमिंग आधी लावून मग पॉइंट सेट करणाऱ्याने आपल्याच हाताने आपलं काम पुसलेलं असतं. आणि पॉइंट न बघता नुसता डेल्को फिरवणारा झिजलेल्या टाचेला पाठीशी घालत असतो. ती झिजतच राहते, तोही फिरवतच राहतो. फट मोजायला फिलर गेज नावाची पोलादी पातळ पट्टी मिळते, पण आपल्याकडे काडेपेटीच्या पुठ्ठ्यावर लोकांचा विश्वास जास्त. काडेपेटीच्या कारखानदारांनी पुठ्ठ्याच्या जाडीची हमी कधी दिलेली नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. ओठ काळे पडून एका ओठावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा आला असेल तर बाजूचा कंडेन्सर संशयित. डेल्कोची दांडीच बुशात हलत असेल तर फट दर सिलिंडरला वेगळी पडते आणि चौघांचे चार टायमिंग होतात. तिथे डेल्को कितीही फिरवला तरी एकाचं भलं आणि तिघांचं वाईट. हे सगळं ठीक झाल्यावर मग टायमिंग. कंप्रेशनच्या खेपेला 'आयजीएन'ची खूण समोर आणायची, कॉइलकडून डेल्कोला येणारी तार आणि इंजिनाचं लोखंड यांच्यामध्ये एक छोटा बल्ब लावायचा, चावी चालू करायची आणि डेल्को हळूहळू फिरवायचा. बल्ब ज्या क्षणी लागेल त्या क्षणी ओठ उघडले. बोल्ट आवळायचा. इथेच आणि फक्त इथेच डेल्को फिरवायला माझी हरकत नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे. जुने मिस्त्री बल्ब-बिल्ब लावत बसत नव्हते, नुसत्या कानाने टायमिंग लावायचे आणि गाड्या पळत होत्या. गाड्या पळत होत्या हे खरं. पण त्याचं निम्मं श्रेय जीपच्या इंजिनाला जातं. त्याचं कंप्रेशन ६.४८ ला १ इतकं कमी, की चार-दोन अंशांची चूक ते मोठ्या मनाने पोटात घालतं. दुसरी गोष्ट, कानाला कळते ती फक्त उभ्या गाडीची चाल. उभ्या गाडीत ठिणगी जरा आधी आणली की इंजिन हमखास वेगाने आणि गोड फिरू लागतं. कान खूश होतो आणि हात आणखी फिरवतो. कानाची चूक नेहमी एकाच दिशेला होते आणि ती चढावर गाडी खडखडायला लागली की उघडी पडते. तिसरी गोष्ट, डेल्कोच्या पोटातली ती दोन वजनं गंजून अडकली असतील तर उभी गाडी तक्रार करत नाही. वेग घेतल्यावर ठिणगी मागे राहते, आणि तिथे मिस्त्रींचा कान नसतो, गिऱ्हाईक एकटं असतं. खरे चांगले मिस्त्री कानाने लावत असत ते उभ्या गाडीवर नव्हे. ते गाडी चढावर नेत, टॉप गिअरला पाय दाबत, अगदी किंचित खडखड यावी आणि लगेच थांबावी इतपत डेल्को सरकवत. ही रीत मला मान्य आहे. पण ते हे करत, ते प्लग, पॉइंट आणि वायरी स्वतः पाहून झाल्यावर. त्यांच्या शिष्यांनी गुरूची पहिली तासाभराची मेहनत सोडली आणि शेवटचं मिनिट तेवढं उचललं.

फितवलेला साक्षीदार पुढे काय करतो त्याचं उदाहरण रॉकेलचं. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळण्याचा धंदा आपल्याकडे जुना. रॉकेलचा ऑक्टेन कमी, त्यामुळे चढावर खडखड येते. खडखड बंद करायला कुणीतरी ठिणगी मागे नेतो. खडखड थांबते, मालक समाधानाने पैसे देतो. पण मागे नेलेल्या ठिणगीमुळे इंजिन तापू लागतं, तेव्हा रेडिएटर साफ केला जातो. तरी तापतं, म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकला जातो. पिकअप गेलं म्हणून कार्बोरेटरचा जेट मोठा होतो. जास्तीचं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन वाजू लागतं, म्हणून सायलेन्सर बदलला जातो. अॅव्हरेज पडलं म्हणून शेवटी ड्रायव्हर बदलला जातो. पेट्रोल पंप तेवढा कुणी बदलत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. आंबोलीच्या घाटात, पावसात, मागे एसटी हॉर्न वाजवत असताना हा सगळा विधी कोण करणार? कुणीच नाही, आणि करायची गरजही नाही. क्रम पाळायचा म्हणजे सगळं करायचं असं नव्हे. जे स्वस्त आणि दिसणारं, ते आधी. पावसात फटाके वाजू लागले तर डेल्कोचं टोपण काढून आतून कोरड्या फडक्याने पुसावं. टोपणाच्या आत केसासारखी बारीक काळी रेघ दिसली तर वीज त्या रेघेवरून शेजारच्या खांबाकडे पळते आहे. रेघ पुसून जात नाही, टोपण बदलावं लागतं. रात्र असेल तर उत्तमच. बॉनेट उघडून दिवे बंद करावेत. फुटक्या वायरीतून लोखंडाकडे उड्या मारणाऱ्या निळ्या ठिणग्या अंधारात आपणहून दिसतात, दिवसा तासभर शोधून दिसत नाहीत. गाडी थंड असताना ठीक आणि तापल्यावरच वाजत असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन दगा देतोय. अशा वेळी इंजिन थंड होईपर्यंत चहा घेणं हाही निदानाचाच भाग असतो. यातल्या एकाही कामाला डेल्को फिरवण्याइतकाही वेळ लागत नाही. चहाला लागतो, पण तो तसाही होणारच असतो.

उताराचे फटाके मात्र अगदीच निराळे आणि त्यांचा दोष इंजिनाच्या माथी मारू नये. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला चावी बंद करून गाडी गिअरमध्येच सोडायची ही जुनी काटकसर. चावी बंद केली तरी इंजिन फिरतच असतं, पेट्रोल ओढतच असतं, फक्त ठिणगी पडत नाही. ते सगळं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साचतं. खाली येऊन चावी चालू केली की पहिल्याच ठिणगीला ते पेटतं आणि सायलेन्सर शिवणीत उसवतो. वाचवलेलं पेट्रोल तर सायलेन्सरमध्ये गेलंच, वर सायलेन्सर गेला.

आणि आता तर ठिणगीचं काम संगणकाने घेतलं, मग हे सगळं कशाला, असा शेवटचा प्रश्न. नव्या गाड्यांत डेल्को नाही, पॉइंट नाही, फिरवायला काही नाही, हे खरं. तो संगणकही सेन्सर लावून हेच विचारतो, क्रँक कुठे आहे, खडखड येते का, सायलेन्सरकडे न जळलेलं काही जातंय का. फक्त तो पान्याशिवाय विचारतो, म्हणून घाई करत नाही. बॅकफायर मात्र संपलेला नाही, उलट त्याला भाव आलाय. जो आवाज घालवण्यासाठी जीपवाल्यांच्या पिढ्या काळवंडल्या, तोच काढून मिळावा म्हणून बुलेटवाली पोरं पैसे मोजतात. युक्ती उताराच्या काटकसरीचीच : चालत्या इंजिनाची ठिणगी बटणाने क्षणभर तोडायची, मिश्रण मागे जाऊ द्यायचं, ठिणगी परत द्यायची. पोलीस मग असे सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर ओळीने मांडतात आणि त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात. बटण हँडलवर तसंच राहतं. रोडरोलर डिझेलवर चालतो, त्यामुळे त्याचं या विषयात काही मत नसतं.